कागदाच्या पाठीवर

राणी व्हिक्टोरियाने रोजनिशी लिहायला घेतली ती १८३२ साली, वयाच्या तेराव्या वर्षी. १९०१च्या जानेवारीत, मरणाच्या थोडेच दिवस आधीपर्यंत ती लिहीत होती. जवळजवळ एकोणसत्तर वर्षांचा हा ऐवज तिने धाकट्या लेकीच्या, बिअट्रिसच्या हवाली केला. बिअट्रिसने पुढची कित्येक वर्षं बसून आईचं लिखाण निळ्या वह्यांमध्ये स्वतःच्या हाताने उतरवून काढलं. नको वाटलं ते गाळलं, काही बदललं, आणि उतरवून झालेली मूळ वही जाळून टाकली. पंचम जॉर्जला याचं फार वाईट वाटलं, पण त्याला ते थांबवता आलं नाही. सुरुवातीची काही वर्षं सोडली, तर त्या काळातल्या सर्वांत बलाढ्य राणीच्या हातची रोजनिशी आज अस्तित्वात नाही.

त्याच राणीच्या राज्यात, वायव्य इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्यातल्या एखाद्या बोळात राहणाऱ्या विधवेने, आपली आठवड्याची मदत का तोडली असं विचारणारं पत्र लंडनच्या सरकारी कचेरीला पाठवलं, तर ते मात्र आहे. तिच्या हातचं, तिच्या शाईतलं, तिने घातलेल्या घड्यांसकट. मी ते समोर ठेवून वाचू शकते.

माझं सगळं काम या दुसऱ्या प्रकारच्या कागदांवर चालतं. बरीच वर्षं झाली, मी मँचेस्टरच्या आसपास राहते आणि एकोणिसाव्या शतकातल्या इथल्या गिरणी कामगार बायकांवर लिहिते. जळगावला घरी अजून ‘ती लंडनला राणीवर काहीतरी करते’ असंच सांगतात. मावशीला मात्र खरं काय ते माहीत आहे आणि तिला ते मुळीच पटलेलं नाही. “ज्यांनी आपल्याला धुऊन नेलं, त्यांच्यातल्या गोरगरिबांचे हिशेब तू कशाला लिहीत बसलीस गं?” असं ती दर दिवाळीला फोनवर विचारते. प्रश्न रास्त आहे, आणि फोनवर दोन मिनिटांत त्याचं उत्तर देता येत नाही.

लंडनच्या नैऋत्येला क्यू नावाचं उपनगर आहे. बहुतेकांना ते तिथल्या बागेमुळे माहीत असतं. त्याच भागात नॅशनल आर्काइव्ह्जची, म्हणजे सरकारच्या जुन्या दप्तराची, काँक्रीटची मोठी इमारत आहे, समोर तळं, तळ्यात हंस. आत जाताना पिशवी, कोट, पेन, पाण्याची बाटली सगळं कपाटात ठेवायचं. बरोबर न्यायची ती पारदर्शक पिशवीत शिसपेन्सिल, वही, लॅपटॉप आणि फोटो काढायला फोन. शाई आत चालत नाही. वाचनकक्षात मेजांवर स्पंजच्या उतरत्या पाचरी ठेवलेल्या असतात. बाड त्यांच्यावर अर्धवट उघडं ठेवायचं म्हणजे शिवण ताणली जात नाही, आणि पानं मिटू नयेत म्हणून त्यांवर आतून शिसं भरलेल्या कापडी दोऱ्या ठेवायच्या. पहिल्या काही भेटींत हे सगळं सोवळं वाटतं. नंतर हाताला त्याचं वळण पडतं, इतकं की घरी साधं पुस्तकसुद्धा सपाट उघडवत नाही.

मी मागवते त्या बाडांचा वर्ग आहे एमएच १२. त्यात सोळा हजारांहून जास्त खंड आहेत. १८३४ साली इंग्लंडमध्ये नवा पुअर लॉ, म्हणजे गरिबांच्या मदतीचा कायदा, आला. गावोगावच्या पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीप्रमाणे पाडलेले भाग, एकत्र करून सुमारे सहाशे युनियन बनवल्या, प्रत्येक युनियनवर करदात्यांनी निवडून दिलेलं गार्डियन मंडळ बसवलं आणि प्रत्येकीला एक वर्कहाउस दिलं. मदत हवी असेल तर वर्कहाउसात या, आणि आतलं जिणं बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षाही नकोसं असलं पाहिजे, हे त्यामागचं तत्त्व होतं. नवरा एका आवारात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. अंगावर वर्कहाउसचे कपडे. काम म्हणजे दगड फोडणं किंवा जुने दोरखंड उसवून त्यांचे तंतू मोकळे करणं. प्रत्यक्षात बहुतेक गरिबांना घरीच थोडेफार पैसे आणि पाव मिळत राहिले, पण वर्कहाउसची भीती प्रत्येक घरात होती.

या सगळ्यावर लंडनहून देखरेख ठेवणारी कचेरी होती. आधी कमिशन, १८४७नंतर बोर्ड. गावचं मंडळ तिला पत्र लिही, ती उत्तर देई, आणि सगळा पत्रव्यवहार युनियनवार, वर्षवार लावून बांधला जाई. याच बांधणीत गार्डियनांच्या पत्रांमध्ये, गटारांच्या नकाशांमध्ये, सुईणीच्या बिलांमध्ये आणि दवाखान्याच्या तक्रारींमध्ये गरिबांनी स्वतः लिहिलेली पत्रं बांधली गेली. ती कुणी जपून ठेवली नाहीत. आलेला प्रत्येक कागद दप्तरी दाखल झालाच पाहिजे, या शिस्तीमुळे ती राहिली. राणीची वही टिकली नाही कारण ती घरात होती. विधवेचं पत्र टिकलं कारण ते कचेरीत होतं.

आता एक पत्र जवळून बघू. कागद साधा, एकच ताव मधोमध दुमडून चार पानं केलेली. तिसऱ्या पानापर्यंत ओळी बऱ्या आहेत, चौथ्यावर त्या दाटायला लागतात, आणि कागद संपला पण म्हणणं संपलं नाही म्हणून शेवटचं वाक्य समासातून उभं वर चढत गेलंय. शाई काळी होती, ती लोखंडाची असल्यामुळे आता तपकिरी झाली आहे आणि जिथे टाक जोरात दाबला तिथे कागद जवळजवळ कुरतडला गेलाय. विरामचिन्हं नाहीत. शब्दांच्या सुरुवातीचा ‘ह’ जिथे हवा तिथे गळलाय आणि जिथे नको तिथे आलाय, कारण बाई जशी बोलते तशी लिहिते. अशी पत्रं डोळ्यांनी वाचून उलगडत नाहीत. मी फोटो घरी आणते आणि मोठ्याने वाचते. आमच्याकडच्या माणसाच्या चिठ्ठीत ‘पानी’, ‘कोनी’ वाचलं की तो माणूस समोर बोलतोय असं वाटतं, तसंच इथेही होतं. एकोणिसाव्या शतकातलं लँकेशायर कानात यायला लागतं.

सगळ्यांनाच लिहिता येत होतं असं नाही. १८४०च्या सुमारास इंग्लंडमध्ये लग्नाच्या नोंदवहीत सहीऐवजी फुली मारणारे नवरे सुमारे एक तृतीयांश होते आणि नवऱ्या जवळपास निम्म्या. तरीही पत्रं येत होती. रविवारच्या शाळेत अक्षरओळख झालेली असायची, नाहीतर शेजारीण लिहून द्यायची, कधी एखादा दुकानदार. १८४० साली एका पेनीत देशभर कुठेही पत्र पाठवायची सोय झाली, त्याने ही वाट आणखी रुंद केली.

पत्राचा मजकूर वाचून झाला की मी कागद उलटते, आणि खरं सांगायचं तर माझी उत्सुकता तिथेच जास्त असते. पाठीवर आवक क्रमांक असतो, तारखेचा शिक्का असतो, आणि मग कारकुनी अक्षरातले शेरे. पहिला शेरा बहुधा एकच: नक्कल गार्डियनांकडे पाठवा आणि त्यांचं म्हणणं मागवा. त्याखाली दुसऱ्या हाताने: नेहमीचं उत्तर द्यावं. नेहमीचं उत्तर असं, की कायद्याप्रमाणे एखाद्या व्यक्तीला अमुक मदत द्या असा हुकूम करण्याचा अधिकार लंडनच्या बोर्डाला नाही, तेव्हा अर्जदाराने आपल्या गार्डियनांकडे जावं. ज्यांच्याविरुद्ध तक्रार केली त्यांच्याचकडे परत. माझ्या वर्गातली मुलं इथपर्यंत आली की संतापतात, आणि संतापण्यासारखंच आहे.

पण शेऱ्यांच्या त्या गर्दीत खोडलेल्या ओळी असतात. कुणीतरी उत्तराच्या मसुद्यात एक कडक वाक्य लिहिलं, वरच्याने ते खोडून मऊ केलं. कुठे उलट. कुठे ‘काही करण्याची गरज नाही’ असं लिहून त्यावर रेघ मारली आहे आणि बाजूला आद्याक्षरांसह विचारलंय: या बाईने यापूर्वीही लिहिलं होतं ना? जुना कागद काढा. मग जुना कागद निघतो, तोही तिथेच बांधला जातो, आणि गार्डियनांना दुसरं, जरा तिखट पत्र जातं. हुकूम देता येत नाही, पण विचारता येतं. आणि लंडनहून दोनदा विचारलं की गावच्या मंडळाला उत्तर द्यावं लागतं, उत्तरासाठी रिलीव्हिंग ऑफिसरला, म्हणजे गावात मदत वाटणाऱ्या अधिकाऱ्याला, बोलवावं लागतं, त्याची वही उघडावी लागते. कधीकधी एवढ्यानेच आठवड्याचा पाव परत सुरू होई. हे गरिबांना ठाऊक होतं. त्यांची पत्रं नीट वाचली तर कळतं की रडगाणं त्यांत कमी आणि युक्तिवाद जास्त आहे. कायद्यात काय म्हटलंय, डॉक्टरने काय लिहून दिलं होतं, कोणत्या तारखेला कुणाकडे गेले आणि कोण काय बोललं, हे सगळं क्रमाने मांडलेलं असतं. व्हिक्टोरियन गरीब म्हणजे मुकाट्याने सोसणारा, डोळे खाली घातलेला जीव, असं जे चित्र आपल्या सगळ्यांच्या मनात आहे, ते या बाडांपुढे टिकत नाही. मला माझ्या कामातून एकच गोष्ट ठासून सांगायची असेल तर ती हीच.

१८४५ साली हॅम्पशायरमधल्या अँडोव्हरच्या वर्कहाउसात माणसं कुजकी हाडं चघळताना आढळली. खतासाठी हाडं कुटायचं काम त्यांना दिलं होतं, आणि जेवण इतकं अपुरं होतं की हाडातल्या मगजासाठी आणि चिकटलेल्या मांसासाठी मारामारी होई. वृत्तपत्रांनी ते उचललं, पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले, १८४६ साली निवड समिती बसली आणि तिच्यापुढे वर्कहाउसातल्या माणसांनी स्वतः उभं राहून साक्ष दिली. पुढच्या वर्षी कमिशनच गेलं. ती साक्ष छापील आहे. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर, प्रत्येक प्रश्नाला क्रमांक. निळ्या कागदी वेष्टणामुळे अशा अहवालांना ब्लू बुक म्हणत. १८४२चा खाणीतल्या मुलांवरचा अहवाल याच जातीचा. अंधारात कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या पोरांची चित्रं त्यात छापली आणि देश हादरला, त्याच वर्षी बायका-मुलींना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना खाणीत उतरवायला बंदी आली.

हे वाचताना मला मुंबई आठवते, आणि ती आठवण उगाच नाही. साक्षी घेणं, निवेदनं मागवणं, प्रश्नोत्तरं छापणं ही राज्य करण्याची पद्धत इंग्रजांनी आपल्याकडेही आणली, आणि आपल्या माणसांनीही ती ताबडतोब हातात घेतली. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं सांगितलं. १८८४ साली मुंबईत फॅक्टरी कमिशन बसलं तेव्हा नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कमिशनला दिला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, कामावर जखमी झालेल्याला भरपाई. लँकेशायरच्या बाईने पेनीचं तिकीट लावून जे केलं, तेच हे, फक्त साडेपाच हजार जणांनी मिळून. लोखंडे आणि ती बाई यांनी एकमेकांचं नाव कधी ऐकलं नसणार. पण अर्जाचा घाट एकच आहे: तुमच्याच नियमाने तुम्हाला विचारतो आहोत, उत्तर द्या.

मावशीच्या प्रश्नाच्या मी जवळ येते आहे. पण त्याआधी जनगणनेबद्दल लिहायला हवं, कारण माझे सर्वांत जास्त तास तिच्यात जातात.

पत्र लिहिणारी बाई कोण, हे पत्रातून पुरतं कळत नाही. तिचं वय, घरात कोण, नवरा कधी गेला, मुलं कामावर जातात का, यासाठी जनगणनेच्या वह्या उघडाव्या लागतात. १८४१ची गणना त्या मानाने कमी सांगते. पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत आणि कुटुंबातलं नातं विचारलेलंच नाही. १८५१पासून नातं आहे, जन्मगाव आहे, नेमकं वय आहे. घरोघरी दिलेले मूळ कागद नष्ट झाले, प्रगणकांनी त्यांवरून उतरवलेल्या वह्या राहिल्या. त्या वह्यांत पुढे लंडनच्या कारकुनांनी मोजणी करताना धंद्याच्या रकान्यावर पेन्सिलीने तिरप्या रेघा ओढल्या. नेमका मला हवा असतो तो शब्द त्या रेघेखाली असतो.

आणि पुष्कळदा तिथे शब्दच नसतो. नवऱ्याचा धंदा लिहिलेला, मुलांचा लिहिलेला, बाईच्या रकान्यात कोरी जागा. चार घरचे कपडे धुणारी, घरात भाडेकरू ठेवणारी, शेजारणीची पोरं सांभाळणारी बाई प्रगणकाच्या लेखी काहीच करत नव्हती. म्हणून मी एकाच बाईसाठी पाच-सहा तऱ्हेचे कागद जमा करते. जन्ममृत्यूच्या नोंदी, ज्या इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७पासून सरकारी झाल्या. लग्नाची नोंद, कारण लग्नानंतर आडनाव बदलतं आणि माग तुटतो. गार्डियनांची इतिवृत्तं. शाळेचं हजेरीपत्रक. स्थानिक वर्तमानपत्रातला पोलीस कोर्टाचा रकाना. कधी या सगळ्यांतून एक सलग आयुष्य उभं राहतं. जास्त वेळा ते दोन जनगणनांच्या मधल्या दहा वर्षांत कुठेतरी हरवतं आणि परत सापडत नाही, आणि हे मला अजूनही सवयीचं झालेलं नाही.

या शोधात माझे खरे सोबती म्हणजे स्वतःच्या घराण्याचा माग काढायला येणारे निवृत्त लोक. कुणी टपाल खात्यातून निवृत्त, कुणी नर्स, कुणी शाळामास्तर. विद्यापीठात त्यांच्याविषयी थोडं वरच्या पट्टीतून बोललं जातं, ते मला अजिबात मान्य नाही. १८८१ची इंग्लंड-वेल्सची अख्खी जनगणना संगणकावर शोधता येते ती अशाच हजारो हौशी लोकांनी फुकट बसून उतरवली म्हणून. क्यूमध्ये एखादं अक्षर मला लागत नसलं तर मी शेजारच्या आजोबांना दाखवते. त्यांनी एकाच पॅरिशच्या वह्या आयुष्यभर वाचलेल्या असतात. क्षणभर बघतात आणि सांगतात.

संगणकाने काम सोपं केलं यात शंका नाही. उत्तर लंडनच्या कॉलिंडेलमधला जुना वर्तमानपत्रांचा वाचनकक्ष २०१३ साली बंद झाला. तोवर एका बातमीसाठी वर्षाची जाडजूड फाईल मागवून पान-पान उलटावं लागे, आता घरी बसून शब्द टाकला की यादी येते. पण शब्द टाकून तुम्हाला तेच मिळतं जे तुम्हाला आधीच माहीत होतं. पुसट छपाई यंत्राला वाचता येत नाही, आणि बातमीच्या शेजारी काय होतं ते दिसत नाही. माझ्या प्रबंधाचा अर्धा भाग शेजारच्या कागदांनी लिहून दिलाय. आणि २०२३च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा तर कॅटलॉगच गेला, सेवा महिनोन्महिने विस्कळीत राहिल्या. त्या काळात ज्यांना क्रमांक पाठ होते, ज्यांच्या जुन्या वह्यांत टिपणं होती, त्यांच्याकडे आम्ही सगळे फोन करत होतो.

पोटापाण्याचं थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये इतिहास शिकवणाऱ्या तरुण माणसांपैकी पुष्कळांकडे नऊ-दहा महिन्यांचा करार असतो. उन्हाळ्यात पगार नसतो आणि नेमकं उन्हाळ्यातच संशोधन करायचं असतं. मी शिकवलं त्या एका विद्यापीठात आमचा विभागच आक्रसत आक्रसत दुसऱ्या विभागात विरघळला. बरोबरीचे अनेक जण, माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे, हे क्षेत्र सोडून गेले. त्यांनी जमवलेली टिपणं त्यांच्या घरी खोक्यांत पडून आहेत. त्याची चीड येते, आणि ती येत राहावी असंच मला वाटतं.

शिकवणं मात्र मला मनापासून आवडतं. पहिल्या तासाला मुलं सांगतात की व्हिक्टोरियन लोक इतके सोवळे होते की पियानोचे पायसुद्धा झाकत. मग आम्ही त्या गोष्टीचा उगम शोधतो. फ्रेडरिक मॅरियट नावाच्या इंग्रज कप्तानाने १८३९ साली छापलेल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात ती येते, अमेरिकेतल्या एका मुलींच्या शाळेबद्दल, आणि सांगताना त्याला अमेरिकनांचा अतिरेक दाखवायचा होता. पुढे ती इंग्रजांच्याच गळ्यात पडली. एवढ्या एका गोष्टीवर मुलं जी जागी होतात ती वर्षभर जागी राहतात. कुणी काहीही सांगितलं की विचारायला लागतात, हे कुणी लिहिलंय, कधी, कुणाबद्दल. एकदा हे विचारायला लागल्यावर मी त्यांना एमएच १२मधल्या पत्रांचे फोटो देते आणि सांगते, आता मागची बाजू वाचा.

तर आता मावशीचा प्रश्न, आणि त्यासाठी कापूस. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल तुटला. १८६२च्या अखेरीस या कापूस-पट्ट्यात सुमारे पाच लाख माणसं मदतीवर होती. जो कापूस मिळत होता त्यातला बराचसा हिंदुस्थानातून मुंबईमार्गे यायचा, आणि मुंबईहून आलेल्या सगळ्या कापसाला इथल्या बाजारात ‘सुरत’ म्हणत. त्यात आमचा खानदेशी कापूसही होता. आखूड धाग्याचा, कचरा-माती मिसळलेला. मागावर तो सारखा तुटायचा, तुटलेला धागा जोडण्यात विणकराचा दिवस जायचा आणि मजुरी कापडावर मिळत असल्याने हातात कमी पैसे पडायचे. लँकेशायरच्या बायका त्या कापसाला शिव्या घालत होत्या, आणि त्याच वर्षांत त्याच कापसाच्या भावाने मुंबईत सोनं लोटत होतं. बॅक बेच्या समुद्रात भर घालून जमीन काढायच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले, जळगाव कापसाची मोठी पेठ झाली. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंदांसारख्या सावकारासकट मुंबई बुडाली. गावाकडे कर्ज काढून कापूस पेरलेल्या शेतकऱ्याचं काय झालं, ते आपल्याला शाळेत कुणी फारसं शिकवलं नाही.

मावशीचं माहेर जळगावचं. जिनिंगच्या आवारात, सरकीच्या ढिगांवर खेळून ती मोठी झाली. ज्या गाठी आमच्याकडून बंदराकडे जात होत्या, त्या इथे लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्नच्या एखाद्या बाईच्या हातात सुटत होत्या. दोघींच्या मध्ये दलाल होते, जहाजवाले होते, गिरणीमालक होते, आणि नफा त्या मधल्यांचा होता. ज्यांनी आपल्याला धुऊन नेलं ते आणि ही बाई एक नव्हेत. हे मी मावशीला गेल्या दिवाळीला अगदी सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, “मग दोन्हीकडचं लिही की. आमच्याकडचं कोण लिहिणार?” याला माझ्याकडे होकाराशिवाय उत्तर नव्हतं. त्यामुळे आता ब्रिटिश लायब्ररीतल्या, लंडनहून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या इंडिया ऑफिसच्या कागदांतून मुंबई इलाख्याचा त्या वर्षांचा कापसाचा पत्रव्यवहार वाचायला घेतला आहे. खानदेशातल्या शेतकऱ्याचा स्वतःच्या हातचा कागद त्यात सहजी मिळत नाही. मिळतो तो कलेक्टरचा अहवाल, आणि त्यातून शेतकऱ्याचा आवाज वेगळा काढणं हे लँकेशायरपेक्षा कितीतरी अवघड काम आहे. मोडी कागदांसाठी धुळे, मुंबई आणि पुण्याला जाऊन बसावं लागेल.

हिवाळ्यात हातात आहे ते मात्र इथलंच काम. १८६३च्या मार्चमध्ये मँचेस्टरच्या पूर्वेला स्टॅलीब्रिज नावाच्या गिरणीगावात दंगल झाली. मदत समितीने रोख पैसे कमी करून त्याऐवजी ठरावीक दुकानांत चालणारी चिठ्ठी द्यायचं ठरवलं. पोट भरायला काय आणि कुठून घ्यायचं हेही आता दुसरे ठरवणार, याचा लोकांना संताप आला. दुकानं फुटली, घोडदळ आलं, धरपकड झाली. इतिहासाच्या पुस्तकांत याला ब्रेड रायट म्हणतात, म्हणजे पावासाठी दंगल, जणू भुकेने डोकं फिरलेला जमाव. मला तसं वाटत नाही. त्या गावात बेकार मुली-बायकांसाठी शिवणाच्या शाळा होत्या, तिथे हजेरीवर मदत मिळे आणि लिहावाचायलाही शिकवत. दंगलीच्या आधी या शाळांतून किंवा त्यांच्या आईबापांकडून चिठ्ठ्यांविरुद्ध लंडनला अर्ज गेले होते का, गेले असतील तर त्यावर सह्या कुणाच्या, आणि पाठीवर कुणी काय शेरा मारला, हे मला पाहायचंय. स्टॅलीब्रिज अ‍ॅश्टन युनियनमध्ये मोडतं. त्या वर्षांचे अ‍ॅश्टनचे खंड मागवले आहेत, आणि कोर्टापुढे उभ्या केलेल्यांची नावं वर्तमानपत्रांतून उतरवून ठेवली आहेत. अर्ज सापडले आणि त्यांतली काही नावं जरी जुळली, तर तिसरं प्रकरण मुळापासून नव्याने लिहावं लागेल.